भोपळ्याचा हक्क

२ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईतल्या पावसानं महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना दोन तास लांबवलेला आणि इकडं सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारचे काका, वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको, माझी बहीण, भाची, भाचीच्या दोन मैत्रिणी आणि मधोमध परातभर भडंग. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनानं आणि शफाली वर्मानं सलामीला शंभर लावले तेव्हा काकांनी खुर्चीचा हात बडवून बडवून खिळखिळा केला. मग १०४वर स्मृती यष्टिरक्षकाकडं झेल देऊन परतली. ४५ धावा. क्षणभर कुणी बोललं नाही. आणि मग काका म्हणाले, "हिचं फायनलला असंच असतंय. सतरा सालीपण भोपळाच की!"

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. शफालीच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ आणि वर पाच बळी, दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी मागं. मध्यरात्रीनंतर गल्लीत फटाक्यांची माळ लावायला पहिले धावले ते काकाच. त्यांच्यावर माझा राग नाही. माणूस मनानं चांगला आहे, आणि त्यांची माहितीही खोटी नव्हती. २०१७ साली लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात स्मृती खरंच शून्यावर गेली होती आणि भारत नऊ धावांनी हरला होता. मला खटकलं ते एवढंच, की हा एक भोपळा काकांनी आठ वर्षं जपून ठेवला होता. या आठ वर्षांत पुरुषांच्या संघातले कोणकोणते सलामीवीर कोणकोणत्या मोठ्या सामन्यात असेच फुकट गेले, हे त्यांना विचारलं असतं तर एकही धड सांगता आलं नसतं. मलाही आलं नसतं.

महिला क्रिकेटवरची आपली चर्चा बहुतेक वेळा पैशापाशी येऊन थांबते. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय क्रिकेट मंडळानं सामन्याचं मानधन स्त्री-पुरुषांना सारखं केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेन्टीला ३ लाख. चांगलं झालं. वार्षिक करारात मात्र दरी तशीच राहिली. २०२४-२५च्या करारांत पुरुषांची सगळ्यात वरची श्रेणी ७ कोटींची, महिलांची ५० लाखांची. यावर भांडण चालू आहे आणि चालू राहावं. पण त्या भांडणात एक जुनी विषमता नजरेआड होते, कारण तिच्यावर कुठलं मंडळ ठराव करू शकत नाही. पोरानं किती वेळा शून्यावर यायचं आणि तरी पुढच्या रविवारी पॅड बांधायचे, याचं आपलं माप एक आहे; पोरीसाठीचं माप दुसरं. मानधन सारखं झालं, भोपळे सारखे झाले नाहीत. (मानधनांच्या गावात बसून ही कोटी करायचा मोह आवरला नाही, माफी असावी.)

हे सलामीवीराच्या बाबतीतच का बोलायचं? कारण अपयश हा त्या जागेचा रोजचा खुराक आहे. नवा चेंडू कडक असतो, त्याची शिवण उभी असते, लकाकी शाबूत असते. हवेत तो वळतो, आणि टप्पा पडल्यावर कुठं निघेल हे कधी कधी टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. गोलंदाज ताजातवाना, खेळपट्टीत ओल, स्लिपमध्ये दोन-तीन जण हात पसरून उभे. चौथ्या-पाचव्या क्रमांकावरचा फलंदाज तंबूत बसून सगळं बघून घेतो: चेंडू किती उसळतोय, कोण कशावर फसलं. सलामीला जाणाऱ्याला बघायला पुढं कुणी नसतं. बाकीचे त्याच्याकडं बघत असतात. दिवसभरात एकच फर्मास चेंडू पडला असेल, तर तो सकाळी सव्वादहाला याच्याच वाट्याला आलेला असतो. म्हणून सलामीवीर घडवायचा म्हटलं की पहिल्यांदा त्याच्या अपयशाची सोय लावावी लागते. घरात, मैदानात, निवड समितीच्या टेबलावर.

श्रीलंकेच्या मार्वन अटापट्टूची गोष्ट क्रिकेटवेड्यांना पाठ असते. पहिल्या तीन कसोट्यांतले सहा डाव: शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. हे सगळं १९९० ते १९९४ या काळात, मध्ये मध्ये दोन-दोन वर्षं संघाबाहेर. कुठल्याही गावातल्या कुठल्याही कट्ट्यावर या माणसाचा निकाल लागलेला होता. पुढं हाच माणूस सलामीला येऊन ५,५०२ कसोटी धावा करून गेला, त्यात सहा द्विशतकं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर रोहित शर्मा. २०१२ साली चौदा एकदिवसीय डावांत त्याच्या धावा होत्या १६८. संघात आल्याला पाच वर्षं होऊन गेलेली. लोक चिडले, विनोद झाले, पण त्याला घरी बसवलं नाही. उलट पुढच्या जानेवारीत मोहालीला सलामीला पाठवलं आणि त्यानं ८३ केल्या. नंतरची तीन एकदिवसीय द्विशतकं सगळ्यांना माहीत आहेत, त्याआधीचे ते १६८ मात्र फार कुणाच्या लक्षात नाहीत. आपण त्याला विसरण्याची सवलत दिली.

स्मृतीच्या कारकिर्दीतही एक असा पट्टा आहे, आणि तिच्या शतकांपेक्षा मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात लीग खेळताना तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. विश्वचषक जूनमध्ये. मधले महिने व्यायाम, फिजिओ, पुन्हा चालायला शिकणं. सामन्यांचा सराव जवळपास नाही. तरी तिला संघात घेतलं. पहिल्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९०, दुसऱ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. सांगलीत त्या आठवड्यात पानाच्या टपरीवरही दुसरा विषय नव्हता. आणि मग पुढच्या सात डावांत मिळून ३६ धावा. सात डाव, ३६. उपांत्य सामन्यात सहा, अंतिम सामन्यात भोपळा.

त्या दिवसांत बाजारात ऐकलेली वाक्यं मला आठवतात. "पोरगी शेफारली." "फोटो छापून आले ना पेपरात, डोक्यात गेलं." वीस-एकवीस वर्षांची पोर, सहा महिन्यांपूर्वी गुडघा फाटलेला, नव्या चेंडूवर सात वेळा चुकली, त्याचं आपण काढलेलं निदान हे. चेंडू आत आला की बाहेर गेला, पाय हलत होता की नाही, हे कुणी बोलत नव्हतं. मुलगा लागोपाठ बाद झाला की चर्चा तंत्राची होते. मुलगी झाली की स्वभावाची.

संघानं मात्र तिला ठेवलं. पुढच्याच वर्षी, २०१८मध्ये, बारा एकदिवसीय सामन्यांत ६६९ धावा आणि सरासरी ६६.९०, आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम क्रिकेटपटू. तिथून आजवरचा हिशेब मोठा आहे: २०२१मध्ये कॅरारात दिवस-रात्र कसोटीत गुलाबी चेंडूवर १२७, ऑस्ट्रेलियात कसोटी शतक करणारी पहिली भारतीय महिला, २०२४मध्ये चेन्नईला शफालीबरोबर २९२ची सलामी, जून २०२५मध्ये ट्रेंट ब्रिजवर टी-ट्वेन्टीत ११२, म्हणजे तिन्ही प्रकारांत शतक असलेली पहिली भारतीय महिला, त्याच सप्टेंबरमध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पन्नास चेंडूंत शतक, आणि एका वर्षात हजारावर एकदिवसीय धावा, ज्या तिच्याआधी जगात कुठल्याच बाईनं केल्या नव्हत्या. हे सगळं त्या ३६ धावांच्या पलीकडच्या काठावर आहे. ऑगस्ट २०१७मध्ये काकांच्या हातात निवड असती तर सांगलीच्या आयर्विन पुलाच्या अलीकडंच गाडी थांबली असती.

पण इथं मला माझ्याच युक्तिवादाला थोडं अडवलं पाहिजे. स्मृतीला ते सात डाव माफ झाले, कारण खात्यात आधी ९० आणि १०६ जमा होते. सगळ्यांच्या खात्यात नसतात. आणि असले तरी दरवेळी उपयोग होतोच असं नाही. पूनम राऊत आठवते? २०१७च्या त्याच अंतिम सामन्यात स्मृती शून्यावर गेल्यावर दुसऱ्या बाजूनं सलामीला उभी राहून ८६ करणारी. ती बाद झाली तिथून सामना फिरला. मार्च २०२१मध्ये लखनौला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद १०४. त्याच वर्षी कॅरारात, पंचांनी नाबाद दिलेलं असताना, बॅटची कड लागली म्हणून स्वतःहून चालत निघून गेली. समोर मिताली राज बघत राहिली. २०२२च्या विश्वचषकाच्या संघात पूनमचं नाव नव्हतं. निवडीमागं कारणं असतील, धावगतीचं कारण तर तेव्हा बोललंच जायचं. पण पुरुषांच्या संघात अशी खेळी, असं शतक पाठीशी असलेल्या माणसाला बाहेर काढायचं असतं तर महिनाभर स्टुडिओत खुर्च्या मांडल्या गेल्या असत्या. पूनमसाठी किती मांडल्या?

आणि शफाली. वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर. विश्वचषकाच्या मूळ संघातही नाही. सलामीच्या प्रतीका रावलचा घोटा दुखावला म्हणून ऐन उपांत्य फेरीआधी बोलावणं आलं. उपांत्य सामन्यात दहा धावा. त्या दहावर तिला पुन्हा बसवलं असतं तर? ८७ आणि दोन बळी हे पुढच्या सामन्यातले आहेत.

अपयशाचा हक्क वापरायला आधी डाव मिळावे लागतात, हा यातला सगळ्यात कोरडा आणि सगळ्यात कठीण भाग. स्मृतीचं कसोटी पदार्पण ऑगस्ट २०१४चं, इंग्लंडमधल्या वॉर्म्सलीला, आणि तिथंच दुसऱ्या डावात ५१. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये म्हैसूरला एक कसोटी. मग जून २०२१पर्यंत भारताच्या महिला संघाला कसोटीच नाही. साडेसहा वर्षं! २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत तिच्या वाट्याला कसोट्या आल्या सात. पुरुषांच्या संघातला सलामीवीर यशस्वी जैस्वाल २०२४ या एकाच वर्षात पंधरा कसोट्या खेळला. त्यानं १,४७८ धावा केल्या याचं कौतुक आहेच, पण त्या पंधरांत त्याचेही शून्यावरचे, पाच-सातचे डाव आहेत. पुढची कसोटी पंधरवड्यावर असली की शून्य पंधरवड्याचं असतं. पुढची कसोटी साडेसहा वर्षांनी असली की तेच शून्य साडेसहा वर्षं अंगाला चिकटतं. देशातलं महिलांचं बहुदिवसीय क्रिकेटही २०१८नंतर थेट २०२४ला, पुण्यात, पुन्हा सुरू झालं. ज्या मुलीला तासन्‌तास उभं राहून चेंडू सोडायची सवय लावायची, तिला तेवढा वेळ देणारा सामनाच नव्हता.

आता वरून खाली येतो, माझ्या घरात.

कॉलेजात मी सलामीला जायचो. तंत्र चांगलं होतं म्हणून नव्हे. दुसरं कुणी जायला तयार नसे म्हणून. एका मोसमात मला पाच भोपळे मिळाले. पाच! मित्रांनी बॅटवर खडूनं भोपळा काढला, सर हसले, आणि सहाव्या सामन्यात पुन्हा मलाच पाठवलं. घरी तर कुणी विचारलंसुद्धा नाही. आई म्हणायची, पोरं खेळतात, त्यात काय. त्या पाच भोपळ्यांनी माझं काहीही बिघडलं नाही, आणि ते बिघडलं नाही हेच मला इतकी वर्षं साधं, सगळ्यांच्या वाट्याला येणारं वाटत होतं.

माझी भाची नववीत आहे. डावखुरी, सलामीला खेळते. कारण विचारायची गरज नाही, स्मृती डावखुरी म्हणून सांगलीत सध्या निम्म्या पोरी डावखुऱ्याच व्हायला बघतात. गेल्या मोसमात तिला खरे सामने मिळाले तीन. धावा चार, शून्य, अकरा. तिसऱ्या सामन्याच्या रात्री बहिणीनं मला जेवायला बोलावलं. जेवण निमित्त होतं. दाजी गप्प बसलेले. बहीण म्हणाली, "दादा, तूच सांग आता. पुढच्या वर्षी दहावी. उन्हात रापून गेलीय पोर. तीन मॅचमधी पंधरा रन. नाही जमत तिला, तर उगं कशाला?"

तीन डावांत पंधरा धावा, आणि निकाल लागला. त्याच अकादमीत आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे, तिच्याच वयाचा. सहा डावांत त्याच्या तीस-पस्तीस धावा. त्याच्या घरचे काय म्हणतात? "त्याचा फॉर्म गेलाय." फॉर्म गेला म्हणजे होता, आणि परत येणार. "जमत नाही" म्हणजे कधीच नव्हतं. दोन घरं, एकच भिंत सामाईक, आणि एकाच गोष्टीला दोन शब्द. बहिणीला हे सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, "तू मास्तरासारखं बोलू नको." बरोबरच होतं तिचं. तिला भीती दहावीची होती, संध्याकाळी साडेसातला अंधारात सायकलवरून परत येण्याची होती, आणि या दोन्ही भीत्या खऱ्या आहेत.

म्हणून मी एक दिवस सराव बघायला गेलो. अकादमीचं नाव घेत नाही, कारण अशा गोष्टी एकाच ठिकाणी होतात असं मला वाटत नाही. साडेचारला नेट लागलं. पहिली मोठ्या मुलांची बारी. नवा सिझन बॉल त्यांनी उघडला. लालभडक, हातातून निसटावा इतका गुळगुळीत. पंधरा-वीस मिनिटं तो सुसाट जात होता, बॅटची कड लागली की टक्‌ असा वेगळाच आवाज. मग लहान मुलं. मग गोलंदाजांना फलंदाजीची हौस. पावणेसहाला मुलींना हाक आली. तोवर त्या चेंडूची शिवण चपटी झाली होती, कातडं खरवडून तपकिरी, एका बाजूला फुगलेला. भाची उभी राहिली. चेंडू थांबून थांबून येत होता; ती झकास ड्राइव्ह मारत होती. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी तयार आहे. आणि रविवारी सामन्यात पंचांनी नवाकोरा चेंडू दिला की पहिल्या षटकात यष्टी उडते.

सलामीची फलंदाज, आणि सरावात तिला नवा चेंडू कधीच नाही. ज्या प्रश्नाची परीक्षा, तोच प्रश्न वर्षभर वर्गात शिकवायचा नाही, असला प्रकार. आणखी एक बारीक गोष्ट: महिलांच्या सामन्यातला चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३. मुली मुलांच्याच चेंडूवर सराव करतात आणि सामन्यात हातात दुसरंच वजन येतं. दहा-पंधरा ग्रॅम ऐकायला काही नाही. बॅटवर ते कळतं.

सरांना विचारलं. सर भला माणूस, पगार किती घेतात ते विचारू नये इतका कमी. म्हणाले, "मुली टिकत नाहीत हो. सात आल्या तर दहावीला दोन राहतात. नवा चेंडू कुणाच्या जिवावर काढू?" टिकत नाहीत म्हणून चेंडू नाही, चेंडू नाही म्हणून धावा नाहीत, धावा नाहीत म्हणून दहावीला घरी. या चाकाला कुठून हात घालायचा, हे मला त्या संध्याकाळी कळेना.

लोक म्हणतात, मग स्मृती कशी निघाली? याच सांगलीत, माधवनगरात वाढली, चिंतामणराव कॉलेजात शिकली, नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. सतराव्या वर्षी वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४, तेही भावाला राहुल द्रविडनं दिलेल्या बॅटनं. सगळं खरं. पण तिच्या घरात वडील आणि भाऊ दोघंही जिल्ह्याकडून खेळलेले होते. जन्मानं ती उजव्या हाताची. वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचं वेड म्हणून ती डावीकडून उभी राहिली. अनंत तांबवेकरांसारखे प्रशिक्षक लाभले. ज्या घरात दोन माणसांनी स्वतः नव्या चेंडूवर मार खाल्लाय, तिथं पोरगी शून्यावर आली तर दुसऱ्या दिवशी काय करायचं हे सांगायला शिकवणी लागत नसणार, असा माझा अंदाज आहे. भोपळ्याचा हक्क तिला घरातूनच मिळाला. आपण सांगलीकरांनी चौकाचौकांत जे फलक लावले, ते त्या हक्काच्या व्याजावर लावले. मुद्दल आपलं नव्हतं.

भारताचे जुने कसोटी कर्णधार विजय हजारेही सांगलीत जन्मले, हे आपण अभिमानानं सांगतो. जन्म घ्यायला गाव लागतं, त्यात गावाचं कर्तृत्व काय, हा आगाऊ प्रश्न मी नेहमी गिळतो. इथं मात्र विचारतो, कारण कुस्तीत सांगलीनं खरंच काही केलंय. २०२३मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि गदा प्रतीक्षा बागडीनं जिल्ह्यातच ठेवली. तालमीत हरणं ही गोष्ट एवढी रोजची असते, की चितपट झालेल्या पोरीला वस्ताद "अजून एक" एवढंच म्हणतात. तिथं रोज लढत असते. क्रिकेटमध्ये आमच्या पोरीला वर्षाला तीन.

एक आक्षेप दमदार आहे. खेळ म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. जी चालत नाही तिला किती दिवस ठेवायचं, बाहेर दुसरी थांबलेली असते. मान्य. मी कुणाला तहहयात जागा द्या म्हणत नाही. निकाल लावा, पण पंधरा-वीस डाव बघून लावा. निवड चाचणीत नेटमध्ये दहा-बारा चेंडू खेळायला देऊन सलामीवीर ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दहा चेंडूंत फटका दिसतो, सोडलेला चेंडू दिसत नाही, आणि सलामीवीराची अर्धी विद्या सोडलेल्या चेंडूंत असते. दुसरा आक्षेप प्रेक्षकांचा: बायकांचे सामने बघतं कोण? २ नोव्हेंबरच्या रात्रीनंतर तो काकांनीही मागं घेतलाय, मी कशाला उत्तर देऊ.

मला हवंय ते फार मोठं नाही, आणि त्याला ७ कोटी लागत नाहीत. प्रत्येक मैदानावर आठवड्यातले दोन दिवस पहिलं नेट मुलींचं आणि त्या नेटला त्यांच्या वजनाचा नवा चेंडू. जिल्ह्यात शाळा-कॉलेजांच्या मुलींचे एवढे सामने, की डिसेंबर ते मार्च कुणाच्याही नावावर पंधरा डाव लागावेत. सुरुवातीला संघ सातच असले तरी चालेल, पुन्हा पुन्हा तेच खेळू देत. अंधार पडायच्या आत सराव संपावा, कारण निम्म्या घरांतला प्रश्न धावांचा नसतोच, रस्त्यावरच्या दिव्यांचा असतो. हे काम महापालिकेनं करावं की जिल्हा संघटनेनं की शाळांनी, यावर वाद घालता येईल. प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवण्याइतपत ते छोटं आहे, हीच अडचण.

बहिणीशी तह झाला तो असा: दहावीचं वर्ष धरून आणखी दोन मोसम, आणि धावांचा हिशेब घरात कुणी विचारायचा नाही. दाजींनी मान हलवली. सरांशीही बोललो. ते म्हणाले, "बुधवारी तुम्ही नवा चेंडू आणा, पहिलं नेट मी पोरींना देतो." दुकानातून महिलांच्या वजनाचा चेंडू मागितला तर दुकानदारानं दोन दिवसांनी मागवून दिला, म्हणाला, कुणी मागतच नाही.

बुधवारी साडेचारला मुलं नेटबाहेर हाताची घडी घालून उभी, थोडी नाराज. मी चेंडूचा कागद काढला आणि भाचीच्या समोर उभ्या असलेल्या पोरीच्या हातात तो दिला. तिसऱ्या चेंडूला मधली यष्टी आडवी. भाचीनं स्वतः जाऊन ती ठोकली, परत उभी राहिली. सहाव्याला पुन्हा. नवव्याला चेंडू आत यायच्या बेतात होता, तो तिनं बॅट वर उचलून सोडून दिला, आणि मला वाटतं त्या दिवसात तेवढंच एक धड झालं.

मग माझं लक्ष मागं गेलं. पॅड बांधून सहा पोरी रांगेत होत्या. चेंडू एकच होता आणि तो मामानं आणलेला होता. पाचवीची बारी आली तेव्हा त्याची लकाकी गेली होती. सातवीपर्यंत पोचला तेव्हा शिवण बोटाला लागत नव्हती.